एंजिनाचा चुकलेला ठोका

मोटारगाडीचें एंजिन निरोगी असतें तेव्हां त्याच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. गाडींत बसलेलीं माणसें बोलत असतात, मुलें खिडकीबाहेर पाहात असतात, आणि पुढील झांकणाखालीं चाललेला तो एकसारखा गुणगुणाट घरांतील घड्याळाच्या टिकटिकीप्रमाणें असून नसल्यासारखा होतो. परंतु एखादे दिवशीं त्या आवाजांत कांहींतरी उणें पडतें. चौकांत गाडी उभी असतां स्टिअरिंगचें चक्र हातांत थरथरूं लागतें. चढावर पाय दाबला तरी गाडी जोर धरीत नाहीं, उलट आंचके देते. मागील नळींतून मधूनच ‘फट्’ असा आवाज येतो. तबलजीनें ठेका धरावा आणि प्रत्येक आवर्तनांत एक मात्रा गाळावी, तसा तो प्रकार असतो. इंग्रजींत याला ‘मिसफायर’ म्हणतात. गॅरेजांतून ‘गाडी मिसिंग करते’ असा शब्दप्रयोग रूढ आहे.

हा बिघाड फार जुना, फार सामान्य आणि पुष्कळदां थोड्या खर्चांत दुरुस्त होणारा आहे. असें असूनही या एका दुखण्यापायीं मोटारीच्या मालकांचा बराच पैसा व्यर्थ जातो, आणि त्याचें कारण उतावळेपणा हें असतें. चूल पेटत नसेल तर शहाणी गृहिणी काडी सर्दावली आहे, लांकूड ओलें आहे, कीं राखेनें वाट कोंडली आहे, हें एकामागून एक पाहाते. ती चूल फोडून नवी मांडीत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र आधीं प्लग बदलून पाहूं, न जमल्यास कॉइल बदलूं, तेवढ्यानेंही न भागल्यास पंप बदलूं, असा क्रम चालतो; आणि शेवटीं कांहीं लागू पडलें तरी नेमकें काय बिघडलें होतें हें कोणासच कळत नाहीं. रोग ओळखून औषध द्यावयाचें, कीं औषधें देत देत रोग ओळखावयाचा, एवढाच या विषयांतील खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर समजण्यास एंजिनाची कृति थोडक्यांत ध्यानीं घेतली पाहिजे. पेट्रोलच्या चार फेऱ्यांच्या एंजिनाचें तत्त्व जर्मनींतील निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं प्रत्यक्षांत उतरविलें, आणि मोटारींच्या एंजिनांचा पाया आजही तोच आहे. दट्ट्या खालीं जातो तेव्हां हवा व पेट्रोल सिलिंडरांत येतात. तो वर येतो तेव्हां त्यांचें मिश्रण दाबलें जातें. दाब शिगेस पोंचण्याच्या सुमारास प्लगच्या टोंकांमध्यें ठिणगी पडते, मिश्रण पेट घेतें आणि प्रसरण पावणारे वायु दट्ट्यास जोरानें खालीं ढकलतात. शेवटीं दट्ट्या पुन्हां वर येऊन जळालेले वायु बाहेर लोटतो. या चार फेऱ्यांपैकीं कमाई करणारी फेरी एकच. बाकीच्या तीन तिच्या जिवावर जगतात.

चार सिलिंडरांच्या एंजिनांत या कमाईच्या पाळ्या लावून दिलेल्या असतात. पुष्कळशा गाड्यांत ही पाळी पहिला, तिसरा, चौथा आणि दुसरा अशी असते. दांडा मिनिटास ८०० फेरे घेत मंद फिरत असतां चारही सिलिंडर मिळून मिनिटास १६०० ठोके देतात. फेरे ३००० झाले म्हणजे हेच ठोके सेकंदास १०० पडतात. एक सिलिंडर बंद पडला तर सेकंदास २५ ठोके गळाले. शिवाय तो सिलिंडर नुसता स्वस्थ बसत नाहीं. त्याचा दट्ट्या खालीं-वर चालूच असतो आणि तो हालविण्याचा भार उरलेल्या तिघांवर पडतो. म्हणूनच चौथा हिस्सा शक्ति गेली असें हिशेबानें वाटलें तरी गाडी त्याहून अधिक दुबळी भासते.

आतां ठोका चुकतो कशानें? मिश्रण पेटण्यास तीनच गोष्टी लागतात: पुरेशी सशक्त आणि वेळेवर पडणारी ठिणगी, योग्य प्रमाणांतील मिश्रण, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या १ भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा. आणि तें मिश्रण कोंडून धरणारा पुरेसा दाब. ठिणगी, मिश्रण आणि दाब या तिहींपैकीं एक जरी हुकलें तरी ठोका चुकतो, आणि बाहेरून तिन्ही दोषांचीं लक्षणें जवळजवळ सारखींच दिसतात. एकाच तापाच्या मुळाशीं जसे निरनिराळे रोग असूं शकतात, तसेंच हें आहे. नुसत्या धक्क्यांवरून दोष सांगणारा कारागीर म्हणजे कपाळाला हात लावून औषध लिहून देणारा वैद्य समजावा.

या दुखण्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, हेंही येथेंच सांगितलेलें बरें. गाडी चालते आहे ना, मग पुढील महिन्यांत पाहूं, असा विचार पुष्कळ जण करतात. जुन्या गाड्यांत तो कांहीं दिवस खपून जात असे. नव्या गाड्यांत खपत नाहीं. त्यांच्या धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचा एक डबा बसविलेला असतो. त्याच्या आंत मधाच्या पोळ्याप्रमाणें बारीक छिद्रांची जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो, आणि त्याच्या सान्निध्यांत धुरांतील विषारी वायूंचें रूपांतर होतें. चुकलेल्या सिलिंडरांतील न जळलेलें पेट्रोल या डब्यांत जाऊन पेटतें. जाळी तापून वितळूं लागते, वाट कोंडते, आणि प्लगसारख्या किरकोळ वस्तूच्या हयगयीपायीं त्याच्या कित्येक पट किंमतीचा डबा गमवावा लागतो. असा तापलेला डबा पोटाखालीं घेऊन गाडी वाळलेल्या गवतावर उभी केली तर आग लागण्याचाही संभव असतो. समोरच्या तबकडीवरील एंजिनाचा पिवळा दिवा स्थिर राहिला तर लवकरच तपासणी करावी; तो लुकलुकूं लागला तर पाय हलका करून, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. लुकलुकणें म्हणजे ठोके इतके चुकत आहेत कीं कन्व्हर्टरवर संकट आलें आहे, अशी ती सूचना असते. याहून मोठा धोका माणसांना आहे. पुढील मालमोटारीस मागें टाकण्यासाठीं उजवीकडे निघालेल्या गाडीचा जोर ऐन वेळीं गेला, तर समोरून येणारें वाहन थांबून राहात नाहीं.

तेव्हां शोध कसा करावा? त्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरी हा एकेक प्रश्न आहे. ठोका केव्हां चुकतो? कोणत्या सिलिंडराचा चुकतो? आणि कां चुकतो? बहुतेक फसगत पहिले दोन प्रश्न गाळून तिसऱ्यावर उडी घेतल्यानें होते.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मालकापाशीं असतें, कारागिरापाशीं नसतें. गाडी उभी असतां एंजिन लंगडतें पण वेग वाढल्यावर सुधारतें, असें असेल तर कोठेंतरी फटींतून जादा हवा आंत शिरत असावी. हवेच्या वाटेवरील रबरी नळी तडकली कीं असें होतें. मंद चालीला एकूण हवाच थोडी लागते, म्हणून तेवढी चोरहवाही मिश्रण बिघडविण्यास पुरते. वेग वाढला म्हणजे तिचें प्रमाण नगण्य होतें. उलट सपाटीवर गाडी ठीक चालते, पण चढावर भार पडतांच चुकते, असें असेल तर प्रथम ठिणगीवर संशय घ्यावा.

याचें कारण मोठें मनोरंजक आहे. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यानें १८८९ सालीं असें दाखविलें कीं, दोन टोंकांमध्यें ठिणगी पडण्यास लागणारा विद्युद्दाब हा मधील वायूचा दाब आणि टोंकांतील अंतर या दोहोंवर अवलंबून असतो. एंजिनाच्या बाबतींत दाब वाढला किंवा अंतर वाढलें कीं ठिणगीला अधिक जोर लागतो. सपाट रस्त्यावर सिलिंडरांत थोडी हवा शिरते व दाबही बेताचा असतो. खंडाळ्याच्या घाटांत पाय पूर्ण दाबला म्हणजे सिलिंडर तुडुंब भरतो आणि दाब वाढतो. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून कॉइल हजारों व्होल्टचा दाब निर्माण करते हें खरें. परंतु प्लगचीं टोंकें झिजून अंतर वाढलें असेल, किंवा त्याच्या चिनी मातीस बारीक चीर गेली असेल, तर वीज दाबलेल्या मिश्रणांतून उडी मारण्याऐवजीं चिरेच्या सोप्या वाटेनें निसटते. पाण्याप्रमाणें विजेलाही उताराची वाट आवडते.

यावरूनच एका जुन्या चालीचा फोलपणा ध्यानीं येतो. प्लग काढून एंजिनाच्या धातूवर टेकवावा, एंजिन फिरवून ठिणगी पाहावी, आणि ती दिसली कीं ‘प्लग चांगला आहे’ असा निकाल द्यावा, ही ती चाल. मोकळ्या हवेंत ठिणगी पडणें म्हणजे रिकाम्या हातानें जिना चढून दाखविण्यासारखें आहे. डोक्यावर धान्याचें पोतें असतां तो चढतां येईल कीं नाहीं, हें त्यावरून ठरत नाहीं. शिवाय जवळपास पेट्रोलची वाफ असल्यास ही परीक्षा धोक्याची ठरते.

‘केव्हां’ या प्रश्नाला ऋतूचेंही उत्तर असतें. पावसाळ्यांतील दमट सकाळीं चुकणारी आणि दुपारीं सुधारणारी गाडी तारांतून किंवा झांकणांतून वीज गळत असल्याचें सांगते. प्रीमियर पद्मिनीच्या काळीं डिस्ट्रिब्यूटरचें, म्हणजे गॅरेजांत ज्याला ‘डेल्को’ म्हणत त्याचें, झांकण काढून कोरड्या फडक्यानें पुसणें हा मुंबईच्या पावसांतील नेहमींचा उपचार होता. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ती १०८९ घनसेंटिमीटर एंजिनाची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून कायमची निवृत्त झाली. परंतु संग्राहकांकडील जुन्या गाड्यांस तो उपचार अजूनही लागू पडतो. अंधारांत एंजिन चालूं ठेवून अंतरावरून पाहिल्यास गळकी तार निळसर ठिणग्यांनीं स्वतःच उघडी पडते.

आज शहरांतील पुष्कळ गाड्या सी.एन.जी. आणि पेट्रोल अशा दोन्ही इंधनांवर चालतात, आणि त्यांच्या मालकांस एक परीक्षा फुकट मिळालेली असते. गाडी एका इंधनावर चुकत असतां दुसऱ्यावर वळवून पाहावी. दोहोंवरही सारखीच चुकत असेल तर दोष सामायिक भागांत, म्हणजे ठिणगींत किंवा दाबांत असण्याचा संभव अधिक. केवळ गॅसवर चुकत असेल तर गॅसच्या यंत्रणेवर दोष ठेवण्याचा मोह होतो. पण तेथेंही घाई नको. नैसर्गिक वायु पेटविण्यास पेट्रोलहून अधिक जोराची ठिणगी लागते. म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावून नेतो आणि गॅसवर हार खातो. अशा वेळीं आधीं प्लग पाहावे आणि मग गॅसच्या यंत्रणेस हात घालावा.

दुसरा प्रश्न, कोणता सिलिंडर? जुन्या कारागिरांची रीत अशी कीं, मंद चालणाऱ्या एंजिनाच्या एकेका प्लगची तार क्षणभर सोडवावयाची. तार सोडतांच एंजिन अधिक लंगडलें तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर चोर सांपडला, कारण जो मुळींच कमावीत नव्हता त्याला घरीं बसविल्यानें घराचें उत्पन्न घटत नाहीं. ही युक्ति सोपी व अचूक आहे; मात्र विजेचा जबर धक्का बसण्याचें भय असल्यानें ती हातमोजे व योग्य चिमटा असलेल्या जाणत्यानेंच करावी. नव्या गाड्यांत तर प्लगची तार किंवा कॉइल चालत्या एंजिनावर सोडूंच नये. त्यामुळें इलेक्ट्रॉनिक भाग बिघडूं शकतात आणि न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें जातें. तेथें इंजेक्टरची जोडणी सोडवितात, म्हणजे त्या सिलिंडरास पेट्रोलच मिळत नाहीं आणि परीक्षा निर्धोकपणें पार पडते.

नव्या गाड्यांत हें काम बहुधा गाडीचा संगणकच करतो. अमेरिकेंत १९९६ पासून आणि भारतांत २०१३ पासून नव्या मोटारींस जी स्वयंनिदानाची पद्धति सक्तीची झाली, तींत ठोके चुकण्यावरील देखरेख अंतर्भूत आहे. तिची युक्ति ऐकण्यासारखी आहे. एंजिनाच्या दांड्यावर एक दांतेरी चकती असते आणि तिच्याजवळ एक संवेदक प्रत्येक दांत पुढून जाण्यास लागणारा वेळ मोजीत असतो. ठोका पडला कीं दांडा किंचित् पुढें रेटला जातो. चुकला कीं त्या पाळीपुरता मंदावतो. कोणाच्या पाळीस तो मंदावला हें पाहून संगणक सिलिंडर ओळखतो. जुना कारागीर कानानें जी लय ऐकत असे, तीच लय हा संवेदक दांत मोजून ऐकतो. त्याचा निकाल ठराविक संकेतांत मिळतो: पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी ०३०० म्हणजे अनेक सिलिंडर अनियमितपणें चुकत आहेत. हा संकेत वाचण्याचें लहानसें यंत्र आतां बाजारांत सहज मिळतें.

परंतु या संकेतानें एक नवा भ्रम निर्माण केला आहे. पी ०३०३ हीं अक्षरें दिसतांच ‘तिसरी कॉइल गेली’ असें पुष्कळदां ठरवून टाकण्यांत येतें. संगणकानें तसें म्हटलेलें नसतें. तिसऱ्या सिलिंडराचा ठोका चुकतो आहे एवढीच त्याची साक्ष असते. कां चुकतो, याविषयीं तो मौन पाळतो. साक्षीदारानें घर दाखविलें म्हणजे त्या घरांतील पहिल्या माणसास फांशी द्यावयाची, असा न्याय कोठें नसतो.

म्हणून तिसरी पायरी. ‘कां’ या प्रश्नाचें उत्तर मिळविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे अदलाबदल. नवा माल विकत आणण्यापूर्वीं एंजिनांतीलच निरोगी सिलिंडराचा भाग आजारी सिलिंडरास लावून पाहावयाचा, आणि एका वेळीं एकच भाग बदलावयाचा. दोष त्या भागाबरोबर दुसऱ्या घरीं गेला तर गुन्हेगार तोच. दोष जागच्या जागीं राहिला तर तो भाग निर्दोष सुटला. समजा, पुण्यांतील एका कुटुंबाची गाडी शहरांत नीट चालते, पण मुंबईहून परततांना घाटांत आंचके देते. संकेत तिसऱ्या सिलिंडराचा आहे. एके ठिकाणीं पेट्रोलचा पंप बदलावा असा सल्ला मिळतो, दुसऱ्या ठिकाणीं चारही कॉइल बदलाव्या असा. दोन्ही खर्च मोठे आहेत, आणि दोन्ही केवळ अंदाज आहेत. तिसरा कारागीर कांहींच विकत आणीत नाहीं. तो थंड एंजिनावर तिसऱ्या सिलिंडराची कॉइल दुसऱ्यास व दुसऱ्याची तिसऱ्यास लावतो, संकेत पुसतो आणि गाडी चढावर नेतो. संकेत पुन्हां तिसऱ्याचाच येतो. म्हणजे कॉइल सुटली. मग तो त्याच दोन सिलिंडरांच्या प्लगांची अदलाबदल करतो. या वेळीं संकेत दुसऱ्याचा येतो. प्लग काढून भिंगाखालीं पाहातां चिनी मातीवर केंसासारखी काळी रेघ दिसते. तेवढी रेघ हाच तो रोग. पंप निर्दोष होता, चारही कॉइल निर्दोष होत्या, आणि पंपाच्या किंवा कॉइलींच्या खर्चाचा अल्प अंश देऊन गाडी बरी झाली.

प्लग हा एरवींही बोलका साक्षीदार आहे. त्याचें टोंक फिक्या तपकिरी किंवा करड्या रंगाचें असेल तर सिलिंडराची प्रकृति चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर येत आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. प्लग पेट्रोलानें ओला असेल तर ठिणगीच पडत नाहीं. तेलकट असेल तर दट्ट्याच्या कड्यांतून किंवा झडपांच्या वाटेनें तेल आंत येत आहे. पांढरा पडून फोड आल्यासारखा असेल तर सिलिंडर फाजील तापत आहे.

कॉइल, प्लग आणि इंजेक्टर यांची अदलाबदल करूनही दोष जागचा हालत नसेल, तर तो त्या सिलिंडराच्या देहांतच आहे, अर्थात् दाबाकडे वळलें पाहिजे. त्यासाठीं ठिणगी व पेट्रोल बंद करून, सर्व प्लग काढून, हवेची वाट पूर्ण उघडी ठेवून, स्टार्टरनें एंजिन फिरवितात आणि प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकावर पाहातात. येथें आंकड्यापेक्षां तुलना महत्त्वाची. सर्वांत अधिक दाबाच्या मानानें एखाद्याचा दाब चौथ्या हिश्शाहून अधिक घटलेला असेल तर तो आजारी समजावा. मग त्यांत चमचाभर एंजिन-ऑइल घालून पुन्हां मोजावें. तेलानें दट्ट्याच्या कड्यांभोंवतींची फट क्षणभर बुजते. म्हणून दाब वाढला तर कडीं झिजलीं आहेत. न वाढला तर बहुधा झडप नीट बसत नाहीं. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी भरला तर त्या दोहोंमधील गॅस्केट फुटल्याचा दाट संशय घ्यावा, आणि रेडिएटरचें पाणी वरचेवर कमी होतें काय हेंही पाहावें. अशा वेळीं मात्र एंजिन उघडण्याचा खर्च टळत नाहीं; पण तो पुराव्यानिशीं होतो, आणि पुराव्यानिशीं केलेला मोठा खर्च अंदाजानें केलेल्या चार लहान खर्चांपेक्षां स्वस्त पडतो.

आतां उरला पी ०३०० चा, म्हणजे सर्वत्र भटकणाऱ्या दोषाचा प्रकार. जेथें सगळेच सिलिंडर आळीपाळीनें चुकतात, तेथें एकेका सिलिंडराचे भाग तपासण्यांत अर्थ नाहीं. सर्वांस जें सामायिक आहे तें पाहावें. पेट्रोलची गाळणी कोंडली आहे काय, पंपाचा दाब पुरतो काय, हवेची गळती आहे काय, बॅटरीच्या तारा सैल आहेत काय, आणि टाकींतील पेट्रोल कसें आहे? भारतांत आतां पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल पाणी शोषून घेतें आणि त्या पाण्याचें प्रमाण मर्यादेबाहेर गेलें म्हणजे पाणी व इथेनॉल वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. पंप तेंच आधीं ओढतो. पावसाळ्यांत महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी सुरू करतांच लंगडूं लागली, तर हा विचार अवश्य करावा. अत्यंत खडबडीत रस्त्यावर चाकांचे हिसके दांड्यापर्यंत पोंचून संगणकाची लय मोजण्यांत घोटाळा होऊं शकतो, हेंही ध्यानांत ठेवावें. तसा संकेत आल्यास चांगल्या रस्त्यावर पुन्हां खात्री करून घ्यावी.

दोष सांपडल्यावर दुरुस्ती सोपी असते, पण तिचेही कांहीं नियम आहेत. प्लग थंड एंजिनावरच काढावे व बसवावे. ॲल्युमिनियमच्या गरम डोक्यांत आटे खराब होतात. नवा प्लग प्रथम हातानेंच फिरवीत न्यावा आणि शेवटीं मापानें आवळावा. अतिजोरानें आवळलेला प्लग हा पुढील दुरुस्तीचा आरंभ ठरतो. टोंकांतील अंतर गाडीच्या पुस्तकांत दिलें असेल तेवढेंच असावें. नव्या गाड्यांत तें १ मिलिमीटरच्या आसपास असतें. इरिडियमचें बारीक टोंक असलेले प्लग तारेच्या ब्रशानें घांसूं नयेत. प्लग बदलण्याचें कारण तेल किंवा फाजील उष्णता असेल, तर नवा प्लगही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेनें जातो. म्हणून ज्या कारणानें तो बिघडला तें कारण आधीं दूर करावें.

आणि शेवटची परीक्षा ज्या स्थितींत दोष दिसला होता त्याच स्थितींत घ्यावी. घाटांत चुकणारी गाडी गॅरेजच्या दारांत उभी करून ‘पाहा, कशी शांत चालते’ असें दाखविणें ही परीक्षा नव्हे. ती त्याच चढावर, तितक्याच भारासह न्यावी. दमट सकाळीं चुकणारी दमट सकाळींच पाहावी. जेथें ठोका चुकला होता तेथें तो पडूं लागला, म्हणजे दुरुस्ती झाली.

यांत मालकाचा वाटा किती, असें कोणी विचारील. हत्यार हातीं न धरणाऱ्या मालकासही तीन गोष्टी करतां येतात. गाडी केव्हां चुकते याची वहींत नोंद ठेवावी: थंड कीं गरम, चढ कीं सपाट, ऊन कीं पाऊस, गॅस कीं पेट्रोल. भाग बदलण्याचा सल्ला देणाऱ्यास ‘तो बिघडला आहे हें कशावरून ठरलें?’ असें सौम्यपणें विचारावें, आणि काढलेला जुना भाग परत मागून पाहावा. आणि ज्यानें अर्धा दिवस खपून अखेर एक किरकोळ प्लग बदलला, त्याला त्या प्लगच्या किंमतीएवढीच मजुरी देऊं नये. त्यानें विकलें तें थोडें, पण वांचविलें तें पुष्कळ. शोधाची मजुरी देण्यास जेथें मालक कचरतो, तेथें कारागिराला पोट भरण्यासाठीं माल खपविण्यावांचून गत्यंतर राहात नाहीं, आणि मग निर्दोष पंप व निर्दोष कॉइली भंगारांत जातात. विचार करून हात घालणारा कारागीर टिकावा असें वाटत असेल, तर त्याच्या विचाराची किंमत बिलांत मानानें मान्य केली पाहिजे.